पाय लागला की नमस्कार

परवा इथे न्यू जर्सीत, आमच्या पार्सिपनी गावात एक गंमत झाली. माझा गुडघा हल्ली कुरकुरतो म्हणून नव्या डॉक्टरकडे गेले होते. पोरगेलासा डॉक्टर, त्याने रिफ्लेक्स बघायला गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली... आणि माझा पाय उडून नेमका त्याच्या मांडीला लागला.

माझा हात आपोआप त्याच्या दंडाला लागला आणि तिथून माझ्या कपाळाला गेला. तो बिचारा बघतच राहिला. मला मात्र हसू आवरेना, कारण हे असंच्या असं आधी एकदा झालं होतं... चाळीस वर्षांपूर्वी, भर वर्गात.

तेव्हा मी मेडिकलला होते. वय चौतीस, एका मुलीची आई, केमिस्ट्रीत पीएचडी. ऐंशीच्या दशकात फ्लोरिडात एक कोर्स होता, सायन्समध्ये आधीच पीएचडी असलेल्यांना दोन वर्षांत एमडी, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरकीची पदवी... चार वर्षांचं ताट दोन वर्षांत संपवायचं. आमच्या वर्गात कोणी फिजिक्सवाला, कोणी किड्यांवर संशोधन केलेला. सगळेच डॉक्टर, आणि साधा घसा तपासता येणारा एकही नाही.

या वाटेला मी गेले ती न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीमुळे. आरती चालू असताना एका काकांना घेरी आली. कोणीतरी "डॉक्टर आहे का इथे?" म्हणालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तसली डॉक्टर नाही हो," असं म्हणताना फार ओशाळल्यासारखं झालं. काका पाणी पिऊन लगेच बरे झाले... मी काही झाले नाही.

माझा नवरा सुहास म्हणाला, "जा बिनधास्त, घर मी मॅनेज करतो." नोकरी सोडली, सहा वर्षांच्या केतकीला त्याच्याजवळ न्यू जर्सीत ठेवलं आणि निघाले. फोन केला की केतकीचा ठरलेला प्रश्न, "आई, आर यू अ रिअल डॉक्टर येट?" नॉट येट, असं सांगून फोन ठेवला की मी पुन्हा पुस्तक उघडायचे.

अभ्यास जड नव्हता गेला. घोडं अडलं ते हातांपाशी. इतकी वर्षं काचेच्या नळ्या हाताळलेली मी... परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा म्हटलं की अवघडून जायचे. त्यात समोर वडीलधारं माणूस असलं तर संपलंच.

पेशंट तपासायला शिकवणारे आमचे सर सत्तरीचे, उंच, पांढऱ्या जाड भुवयांचे. एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "प्रश्न तू उत्तम विचारतेस. पण हात लाव पेशंटला, तो काही उकळत नाहीये." पेशंट तपासायची परीक्षा तोंडावर आली होती. असल्या घाईच्या कोर्सला पुन्हा बसायची सोय नव्हती... नापास म्हणजे सरळ बॅग भरायची.

त्याच आठवड्यात रिफ्लेक्स शिकवायला सरांनी मला टेबलावर बसवलं. हातोडी पडली, पाय उडाला, थेट सरांना लागला... आणि माझा नमस्कार. सर म्हणाले, "पहिला रिफ्लेक्स मला माहीत आहे. हा दुसरा कुठला?"

आमच्याकडे कोणाला पाय लागला की असं करतात, मी सांगितलं. मग काय, दिवसभर सगळे विद्वान एकमेकांना मुद्दाम पाय लावून नमस्कार करत हिंडले. सर तेवढे हसले नाहीत. "म्हणजे हात लावता येतो तुला," एवढंच म्हणाले.

परीक्षेत मला मिळाले मासेमारीच्या बोटीवर आयुष्य काढलेले एक आजोबा. तक्रार एकच, चालताना पाय दुखतो. खुर्चीत अनवाणी बसलेले, मला बघून "आणखी एक आली का?" म्हणाले. सर कोपऱ्यात उभे.

मी प्रश्न विचारले, उत्तरं टिपून घेतली, आणि मग... हात जागचे हलेनात. केतकीला आता काय सांगायचं, हेच डोक्यात. धांदलीत उठायला गेले आणि माझा बूट आजोबांच्या पावलाला लागला.

वाकले, पावलाला हात लावला, कपाळाशी नेला... आणि तिथेच थांबले. पाऊल गार होतं. दुसऱ्याला हात लावून पाहिलं, ते छान कोमट. मी सरळ जमिनीवर फतकल मारून बसले आणि पावलांवरची नाडी शोधली. कोमट पायात लागत होती, गार पायात काही केल्या लागेना. पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली होती, दुखणं तिथलं होतं.

मग हात जे सुटले ते सुटलेच. गुडघे, पोट, छाती, मान... सगळं तपासून झालं. आजोबांनी मघाच्या त्या नमस्काराचा अर्थ विचारला. मी सांगितल्यावर म्हणाले, "माझी बायको झोपेत रोज लाथा मारते. तिला शिकव हे."

सर बाहेर येऊन म्हणाले, "सगळे डोक्यापासून सुरू करतात. पायापासून सुरू करणारी तू पहिलीच." मी पास झाले होते. त्या दिवशी केतकीला पहिल्यांदा "ऑलमोस्ट" म्हणाले.

पदवीच्या दिवशी गाऊन घालून रांगेत उभी होते. सुहास आणि केतकी समोर बसलेले. शेजारून जाताना सरांच्या बुटाचं टोक माझ्या पायाला लागलं... अगदी ठरवून लावलेलं. मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, तो आपल्या कपाळाला नेला आणि म्हणाले, "डॉक्टर."

मी गाऊन सावरत खाली वाकले आणि त्यांच्या पाया पडले. तो मात्र रिफ्लेक्स नव्हता.