चढावरच्या गल्लीची झडप

शहराच्या पाणीपुरवठ्याचे नकाशे दोन. एक कचेरीच्या कपाटात, वाळवीच्या ताब्यात. दुसरा चावीकाकांच्या डोक्यात. सारं खातं दुसऱ्यावरच विसंबून होतं.

काकांचं काम म्हणजे रस्त्यातली लोखंडी झाकणं उचलायची, लांब चावी घालून खालची झडप फिरवायची आणि एका भागाचं पाणी तोडून दुसऱ्याला द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण शहराला पहिले नळ दिले एका खासगी कंपनीने, आणि त्या शहाण्यांच्या झडपा उजवीकडे फिरवल्या की उघडायच्या. पुढे कारभार नगरपालिकेकडे आला. तिच्या झडपा उजवीकडे बंद होतात. जुन्या गावात उलट्या, नव्या वस्तीत सुलट्या, अशा साडेचारशे झडपा काकांना तोंडपाठ होत्या. चौतीस वर्षांत माणूस एकदाही चुकला नाही, असं लोक म्हणायचे. काकाही फारसे नाही म्हणायचे नाहीत.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा खात्याला जाग आली. नव्या इंजिनीअर बाई वही घेऊन काकांमागे हिंडू लागल्या. काका सांगायचे, त्या लिहायच्या. असं करत दोघं जुन्या गावातल्या चढावरच्या गल्लीशी आले. काका तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहत.

"ही कंपनीची. उजवीकडे उघडते," काका म्हणाले.

बाईंनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला. "काका, यावर तर नगरपालिकेचा शिक्का आहे."

अकरा वर्षांपूर्वी इथे दुरुस्ती झाली, तेव्हा काकांच्या नकळत कुणीतरी झडपच बदलली होती. दुरुस्तीनंतर त्यांनी ती जुनीच समजून, पूर्ण उघडायची म्हणून उजवीकडे फिरवली होती. ती मध्येच अडली, तेव्हा उघडली असं समजून ते निघून गेले; पुन्हा तिला हात लावायची वेळच आली नाही. तेव्हापासून गल्लीत वरच्या मजल्यांना पाणी चढलंच नाही. लोक चढाला दोष देत राहिले. त्यांची स्वतःची बायको रोज खालच्या नळावरून बादल्या वाहत होती. उजवा खांदा त्यातच गेला होता.

बाईंच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं. गुपचूप उघडली असती, तर गल्लीने उलट हारच घातला असता.

काकांनी चावी डावीकडे फिरवली. खाली पाणी घुमलं.

"लिहा मॅडम. अकरा वर्षं अर्धी बंद. चूक माझी."

"हे कशाला लिहायचं, काका? निरोप समारंभ आलाय."

"बाकीचं सगळं माझ्या तोंडचं खरं धरून लिहिलंत ना? ते आता धरू नका. एकेक झडप उघडून बघायची. मी येतो बरोबर."

घरी बायको नळापाशी उभी होती. धार जोरात पडत होती आणि ती नुसती बघत होती. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"अहो, शेजारणी कुरकुरायच्या, तेव्हा मी भांडायचे त्यांच्याशी," ती म्हणाली. "म्हणायचे, चढच आहे, त्याला हे काय करणार. यांच्या हातून चूक व्हायचीच नाही."

काका दाराकडे वळले.

"कुठे निघालात?"

"घरोघर सांगून येतो."

तिने खांदा चोळत पायात चपला सरकवल्या. "थांबा. त्यांना खोटं मी सांगितलंय."