इंद्रायणीबाईंनी अडवलेली एस.टी.

चिंचवड स्टेशनाबाहेर कडुनिंबाखाली इंद्रायणीबाईंचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक चूल, दोन बाकडी आणि वर पत्रा. पिंपरीच्या बाजूला नुकते कारखाने उभे राहू लागले होते, लांबलांबची माणसं कामाला येत होती. आगगाडीतून उतरलेला नवखा माणूस आधी बाईंनाच वाट विचारी. चाकणकडे जाणारा असला की बाई त्याला भिमाजींच्या टांग्यात बसवीत. भिमाजी त्यांचे यजमान. ते भोसरीपर्यंत सोडत. पुढे नाशिक रस्त्याला मोटार मिळे. बायकोनं माणूस धाडायचा, नवऱ्यानं पोचवायचा, असा दोघांचा संसार चाललेला.

सत्तावन्न साली स्टेशनावरून थेट चाकणला एस.टी. सुरू झाली. एस.टी. वेळेवर सुटे, पण दुपारची पॅसेंजर हमखास मागं असे. माणसं बोचकी सावरत बाहेर येईतो एस.टी. धुरळा उडवत गेलेली. भिमाजींच्या ते पथ्यावरच पडलं. चुकलेली माणसं टांग्याकडंच वळत.

बाईंना मात्र ते बघवेना. त्या ड्रायव्हर दौलतरावांना चहा देऊ लागल्या, तोही इतका कढत की फुंकर घालता घालता पॅसेंजर येऊन उभी राही. दौलतरावांना डाव कळत होता. पण ते निवांत फुंकर घालीत बसत.

भिमाजी मात्र भडकले. "माज्याच पोटावर पाय देतीस व्हय?"

"चाकणची माणसं भोसरीला उन्हात ताटकळत बसत्यात. तुमी बघता न्हवं रोज?"

"बघतो की."

"मग?"

भिमाजी तडक टांगा जुंपायला गेले. त्या दिवसापासून त्यांनी बायकोच्या हातचा चहा सोडला.

मग एकदा दौलतराव रजेवर गेले. बदली ड्रायव्हरानं चहाला नको म्हटलं आणि एस.टी. वेळेवर काढली. पाठोपाठ पॅसेंजर आली. तिच्यातून बीडकडची एक बाई उतरली, कौशल्याबाई. बरोबर म्हातारी सासू. रस्त्यावरचा धुरळा बघून कौशल्याबाईंनी चहाचं दुकान गाठलं.

"माझी लेक चाकणला अडलीया हो. पहिलटकरीन हाय."

इंद्रायणीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. भिमाजींनी लगाम केव्हाच हातात घेतला होता. "बसा आक्का. म्हातारीला धरा नीट."

जन्मात पळवलं नव्हतं तसं त्यांनी घोडं पळवलं. भोसरीला एस.टी. इंजिनात पाणी घालायला थांबली होती, ती निघायच्या बेतात होती. भिमाजींनी टांगा सरळ तिच्यापुढं आडवा घातला.

"दोन बायामाणसं हायती. घ्या, मग खुशाल जावा."

ड्रायव्हर कुरकुरला, पण थांबला. भिमाजींनी म्हातारीला हात देऊन वर चढवलं.

घरी परतले तेव्हा दिवस कलला होता. "गावली व्हय गाडी?" बाईंनी विचारलं.

"गावली. च्या टाक."

पुढं भिमाजींनी भोसरीची वाट सोडली. पवना नदीपल्याड पुनावळ्याकडं एस.टी. जात नव्हती. तिकडच्या माणसांना त्यांचा टांगा हवाच होता. सुरुवातीला खेपा कमी पडत, घरात कुरबूर होई. हळूहळू बस्तान बसलं. दौलतरावांची एस.टी. पॅसेंजरसाठी थांबायची ती थांबतच राहिली.

दीडेक महिन्यानं कौशल्याबाई गावी परत निघाल्या, तेव्हा भिमाजी पुनावळ्याला गेले होते. त्या निरोप ठेवून गेल्या. संध्याकाळी भिमाजी घोडं सोडत असताना बाईंनी सांगितलं, "तिच्या लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप हायती."

"ब्येस झालं," भिमाजी म्हणाले, आणि घोड्याला पाण्यावर घेऊन गेले.