सतरा नंबरचा चिमटा

आमच्या काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांनी, सव्वीस वर्षं माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेलं. कारखान्याच्या छपराखाली रुळांवर धावणारी क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन आणि आत दोन दांड्यांवर दोन हात ठेवून बसलेले काका. खाली दहा-बारा वेल्डर आपापल्या कामात असायचे. डोक्यावरून चार टनांची तुळई जात असली तरी त्यांच्यातला एकही जण मान वर करून बघायचा नाही. हेच आपलं सर्टिफिकेट, असं काका म्हणायचे. एरवी बोलायला कंजूष. मावशी म्हणायची, "यांच्या तोंडून शब्द काढायचा तर क्रेनच लावावी लागते."

रविवारी मात्र हा माणूस गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर जाऊन रिमोटवरची विमानं उडवायचा. तिथे असे सात-आठ वेडे जमायचे. मी तेव्हा एकतीस वर्षांची, नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला. राग नाकावर आणि घाई त्याच्याही पुढे. एकदा सहज त्यांच्याबरोबर गेले आणि हट्टच धरून बसले, मला शिकवा.

त्यांनी त्यांचा जुना रिमोट मला दिला. दोन रिमोट एका वायरीने जोडायचे. त्यांच्या रिमोटवर एक बटण होतं. ते दाबून धरलं की विमान माझं, सोडलं की त्यांचं. पहिले चार रविवार त्यांचा अंगठा त्या बटणावर टिकलाच नाही. विमान लांब जात असतं तोवर सगळं सोपं असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं. मी सावरायला जायची आणि ते आणखीच कलंडायचं. मी चिडून रिमोटची दांडी सोडून द्यायची, काका निवांतपणे विमान वर काढायचे.

"विचार नको करूस," ते म्हणायचे. "तुझ्याकडे येतंय ना? मग जो पंख खाली पडतोय त्याच बाजूला दांडी लाव. पडत्या पंखाला टेकू दे. बास."

पाचव्या की सहाव्या रविवारी माझ्या हातून तो टेकू बरोबर बसला. विमान माझ्या अंगावर येता येता सरळ झालं आणि डोक्यावरून निघून गेलं. काकांचा अंगठा बटणावरून हलला नव्हता. मी लहान मुलीसारखी ओरडले. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

त्या मैदानावर एकच नियम होता, पण तो देवाच्या वर. झोपडीवजा शेडच्या दारात एक फळी होती आणि फळीला कपड्यांचे चिमटे लावलेले, प्रत्येकावर रेडिओच्या लहरीचा एक नंबर. ज्याच्या रिमोटचा जो नंबर, तो चिमटा काढून शर्टाला लावायचा आणि मगच रिमोट चालू करायचा. एका नंबरचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले की हवेतलं विमान कुणाचंच राहत नाही. माझा रिमोट काकांचाच जुना, म्हणून आमच्या दोघांचा नंबर एकच, सतरा. चिमटाही एकच.

ज्या दिवशी मी पहिल्यांदा वायरीशिवाय उडवणार होते, त्या दिवशी सतरा नंबर काकांच्या शर्टाला होता. ते त्यांचं मोठं विमान उडवत होते. दोन वर्षं खपून बनवलेलं, पंखाला पिवळं कापड. मी शेडच्या मागे नुकतंच घेतलेलं माझं छोटं विमान जोडत बसले होते. बसमधून आणताना त्याचं शेपटीचं सुकाणू दबलं होतं. नीट हलतंय की नाही, एवढंच बघायचं होतं. काकांचं उतरवून होईपर्यंत पाच मिनिटं थांबायला हवं होतं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अँटेना आत असली की रेडिओ दहा पावलांपलीकडे जात नाही, असं कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं होतं. अँटेना आतच ठेवून मी रिमोट चालू केला आणि सुकाणू दोनदा हलवून पाहिलं. चांगलं हलत होतं.

शेडच्या पलीकडून आवाज आला, लाकूड मोडल्याचा. मी रिमोट बंद केला आणि धावले. काकांचं विमान उतरता उतरता शेडजवळून खाली येत असताना कलंडलं होतं आणि खुर्चीवर चहा घेत बसलेल्या आमच्यातल्या एका रिटायर्ड पोस्टमनच्या पायाशी तोंडावर आपटलं होतं. दोन हातांचं अंतर. पोस्टमनच्या पायांवर चहा सांडला होता, त्यांची पाचावर धारण बसली होती. काका रिमोट धरून तसेच उभे होते.

चहा झटकत पोस्टमनच म्हणाले, "सतरावर आणखी कुणी चालू केलं होतं का? तुमची भाची?"

"ती असं करायची नाही," काका म्हणाले. "तिला मी शिकवलंय. माझाच हात चुकला."

तिथेच बोलायला हवं होतं. मी मूग गिळून उभी राहिले. पिवळं कापड गोळा करायला लागले, जणू मदतच करत होते. घरी गेल्यावर निवांत सांगू, अशी मनाची समजूत घातली. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि माझी जीभ उचलली नाही.

मंगळवारी मावशीचा फोन आला. "अगं, हे क्रेनवरून उतरले! स्वतःच जाऊन फोरमनला सांगून आले, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही, खाली माणसं असतात म्हणून. आता गेटवर बसून ट्रकच्या पावत्या फाडणार."

"डॉक्टरांना दाखवलं का?" मी विचारलं. काय पण प्रश्न! रोग कुठला आणि कुणामुळे, मला सगळंच माहीत होतं.

आता सांगणं रविवारपेक्षा दहापट अवघड झालं होतं. आणि महिना गेल्यावर तर विचारूच नका. मी मावशीकडे जाणं कमी केलं. गेले की चोराच्या मनात चांदणं, काकांनी नुसतं "काय म्हणतेस" म्हटलं तरी मी निघायची घाई करायची. ते मैदानावर पुन्हा गेले नाहीत, मीही नाही. चार वर्षं ते गेटवर बसले आणि तिथूनच रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी फोरमन भाषणात म्हणाला म्हणे, "वेळेवर स्वतःहून उतरलात, बरं झालं, नाहीतर आम्हालाच सांगावं लागलं असतं." मावशीने ते मला कौतुक म्हणून सांगितलं.

यंदा मावसभावाला मुलगी झाली. तिला घरी आणलं त्या दिवशी मी गेले होते. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. काका सोफ्याच्या टोकाला बसले होते. सून बाळ घेऊन त्यांच्याकडे वळली तसे ते अंग चोरून मागे सरले. "माझ्याकडे नको देऊस गं. या हातांचा काही नेम नाही."

कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. सुनेने बाळ मावशीकडे दिलं. मला मात्र ते बघवेना.

"काका," मी म्हटलं, "तुमचा हात चुकला नव्हता. शेडमागे मी रिमोट चालू केला होता."

काकांनी आधी एकच विचारलं, "अँटेना?"

"आत होती."

"किती वेळ?"

"सुकाणू दोनदा हलवलं. तेवढंच."

त्यांनी डोळे मिटले. "दोन झटके बसले होते," ते म्हणाले. "दोनच. मी ते माझ्या हाताचे समजलो."

मावशी बाळाला घेऊन उठली. "बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. "चार वर्षं माझ्या घरी येऊन जेवत होतीस ना गं? एका घासाला तरी तोंड उघडलं असतंस!" मला रडायलाही लाज वाटत होती.

काकांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती. नजर चुकवण्याच्या नादात मी ते हात चार वर्षांत नीट पाहिलेच नव्हते.

"आता खरंच कापतात," ते म्हणाले. "वय झालं. पण तेव्हा नव्हते कापत. उद्या कारखान्यात जा. फोरमनला सांग. माझ्या खाली जे काम करायचे त्या सगळ्यांना सांग."

"सांगते," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर चला, काका."

"नाही," ते म्हणाले. "मी बरोबर असलो तर त्यांना वाटेल, म्हाताऱ्यानं भाचीला पढवून आणलंय."