पाठीला पाठ : बोर्डीच्या चिकूवाडीतलं योगशिबिर

आई आजारी होती तेव्हा माझी योगासनं चोरून व्हायची. ती उठायच्या आत जेवढी जमतील तेवढी. ती गेली, मग वेळच वेळ झाला आणि आसनंच सुटली. २०१८च्या जानेवारीत फोनवर डहाणूजवळच्या शनिवार-रविवारच्या शिबिराची जाहिरात दिसली. ‘साधना सखोल करा’ असं लिहिलं होतं. माझी उथळसुद्धा उरली नव्हती, तरी नाव नोंदवलं.

नाशिकहून डहाणूला एसटी जाते. जव्हारपर्यंत घाट आणि वळणं आहेत, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी पुढची जागा धरावी. कासा, चारोटी करत गाडी रानशेतला आली तेव्हा भात कापलेल्या खाचरांवर उन्हं तिरकी झाली होती. शेजारी कोणी नसल्यामुळे खिडकीतून दिसणारं सगळं मनातच बोलत होते.

डहाणूच्या रिक्षावाल्याने बॅग ठेवता ठेवता विचारलं, “बाकीची मंडळी मागनं येतात काय?”

“नाही, एकटीच आहे.”

“असं,” म्हणाला, आणि रिक्षा बोर्डीच्या रस्त्याला लावली. डाव्या हाताला सुरूच्या झाडांमागे समुद्र होता.

शिबिर एका चिकूवाडीत होतं. राहायला साध्या खोल्या, जेवायला मुगाची खिचडी, नागलीची भाकरी आणि हवे तितके चिकू. थंडीत जाणार असाल तर शाल न्याच, पहाटे झाडांखाली गारठा असतो. सुरतेहून आलेला मैत्रिणींचा घोळका होता, मुंबईची जोडपी होती. सगळी माणसं चांगली होती. सरकून जागाही देत होती. पण जागा दिली की पुन्हा आपापल्या गप्पांत शिरत होती.

शनिवारी दुपारी शिबिर घेणारे सर म्हणाले, “दोघादोघांनी पाठीला पाठ लावून बसा. डोळे मिटा. मागच्याचा श्वास ऐका.”

बघता बघता जोड्या लागल्या. मी आणि कोपऱ्यातली निळ्या कुर्त्यातली एक बाई, अशा दोघीच उरलो. “बसूया?” ती म्हणाली. नाव सुरेखा, एवढंच कळलं आणि आम्ही पाठ टेकवली.

आधी काहीच वाटलं नाही. मग तिची पाठ हलकेच फुगली, मागे सरली. पुन्हा फुगली. आणि मला आई आठवली. शेवटी शेवटी तिला उठून बसवलं की ती माझ्या छातीवर रेलायची आणि मी चमच्याने पेज भरवायचे. त्यानंतर कुणाचाच श्वास माझ्या अंगाला लागला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात उचलला असता तर तिला कळलं असतं, म्हणून तशीच बसले. मग लक्षात आलं, तिचीही पाठ थरथरतेय.

सरांनी डोळे उघडायला सांगितलं. आम्ही दोघी उठलो नाही.

नंतर झाडाखाली चहा पिताना तीच म्हणाली, “आज माझ्या मुलाचा वाढदिवस आहे. तो कोल्हापुरात असतो, वडिलांजवळ. मी तलासरीला शाळेवर. बदली मागून बसलेय. आज खोलीवर एकटं राहवलं नसतं, म्हणून इथं आले. योगाचं मला काही कळत नाही हो, ताई.”

“मलाही फारसं नाही,” मी म्हणाले, आणि तिला आईचं सांगितलं. घरी भेटायला आलेल्यांनाही एवढं सांगितलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने आग्रह केला, “तलासरीवरनंच जा. हायवेला चारोटीपर्यंत गाडी मिळेल.” बोर्डीहून आम्ही जीपने निघालो. तिची खोली एका घराच्या मागच्या अंगाला होती. घरमालकीण बाहेर येऊन मला न्याहाळत म्हणाली, “बाईंकडे पावणी? पहिलीच बघते. बस हां, चा मांडते.”

त्या खोलीत एक खाट, एक गॅस आणि भिंतीवर मुलाचे फोटो होते. घरमालकिणीनेच आमच्याही वाटचं बोलून घेतलं, गुजराती-मराठी दोन्हीत.

हायवेवर गाडीची वाट बघताना सुरेखा म्हणाली, “बदली झाली तर पुढच्या थंडीत मी इथं नसेन.”

“होऊ दे,” मी म्हणाले. मनापासूनच म्हणाले. गाडी आली आणि तिने माझी बॅग वर चढवली. चारोटीला उतरून नाशिकची एसटी पकडली, तरी घरी पोचायला उशीर झालाच. शक्य असेल तर सोमवारची रजा टाका.

आसनांत काय सुधारलं विचाराल, तर मी आता सकाळी बसते, रोज. कधी दहा श्वासांत उठते, कधी तासभर बसून राहते. घर पूर्वीइतकंच शांत आहे. शिबिराने ते बदलत नाही, तशा आशेने जाऊ नका.

उन्हाळ्यात सुरेखाचा फोन आला. “ताई, झाली बदली!” मागे तिचा मुलगा काहीतरी ओरडत होता, तिला धड बोलू देत नव्हता. मी अभिनंदन केलं, पेढे मागितले. फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. मग मनात आलं, आता त्या बाजूला आपल्या ओळखीचं कुणीच नाही. आणि बराच वेळ मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले.