सुतकातले पत्रे

वादळाच्या दुपारी आम्ही ओट्यावर तंबाखू मळत बसलो. मी एका टोकाला, माझा शेजारी दुसऱ्या टोकाला. माझी मंडळी नुकतीच वारलेली, अन् याला सुतकाची लय भीती. जन्मभर यानं पंचवटीच्या भाजीबाजारात वजनात काटा मारला, आणि सोवळं मला शिकवतो!

सांजेला वादळानं माझ्या घरावरचे पत्रे उडवले. ती गेली त्या जागी लावलेला दिवा दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो. मी त्यावर छत्री धरून बसलो. तो कुंपणापलीकडून ओरडला, "नाना, सुतकात पत्रे ठोकायचे नसतात!"

"मग दिव्यावर छत्री तू धरतो का?"



सकाळी तो आपल्या म्हशींच्या गोठ्याचे पत्रे उचकटून आला, वर चढला, मलाच शिव्या देत ठोकले. मग माझ्याच नळाखाली कपड्यांसकट अंघोळ केली आणि "आता शिवू नका" म्हणत घरी गेला.