नांदगावचा मिस्ड कॉल

घरातही कधी बोललो नाही ते लिहितो. आमच्या कंपनीत शाखांना दिलेला अधिकार मी त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिला नाही.

आम्ही ट्रॅक्टरला जोडायची पेरणी यंत्रं बनवतो. कारखाना अकोल्याला, शाखा अमरावती, अचलपूर आणि नांदगाव खंडेश्वरला. शेठजींनी ठरवलं, शाखेतलं शाखेतच ठरावं. तिथल्या लोकांना काय पाहिजे ते अकोल्यात बसून काय कळणार? मी शाखांचा प्रमुख. सभेत सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या आणि बाहेर येऊन एकेकाला म्हणालो, "ठरवा तुमीच. फक्त आधी मले एक मिस्ड कॉल द्या."

मग फोन थांबलाच नाही. मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, आणि मी मांडवामागे उभा राहून अमरावतीच्या पाटीला कोणता रंग मारायचा ते सांगतोय. बायको म्हणाली, "तुमच्याबिगर पानबी हालत नाही का तेथचं?" मी वैतागल्यासारखं केलं. आतून बरं वाटलं होतं. पुढे ते बरं वाटणं गेलं, फोन तेवढा राहिला. जेवणात, दवाखान्यात, अंघोळ अर्धी टाकून. बंद करायची हिंमत नव्हती. बंद केला आणि काहीच अडलं नाही तर?

नांदगावची शाखा एक ताई पाहत. त्यांना तिथे मीच नेमलं होतं. पेरणीच्या तोंडावर त्यांचा मिस्ड कॉल आला. मी उलटा फोन लावला.

"साहेब, लोकं यंत्र इकत नाही घेत, पन भाड्यानं मांगून राहिले. देऊ का?"

"थांबा जरा."

नाही म्हणायला कारण नव्हतं. यंत्र मोडून आलं तर बोल आपल्यावर, एवढंच मनात. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा "पाहू" म्हणालो. तोवर पेरण्या उरकल्या. यंत्रं शेडमध्येच.

अचलपूरची शाखा पाहणाऱ्या भाईंनी मात्र शाखेतली सगळी यंत्रं भाड्यानं फिरवली. वापरून पाहिलेल्यांतल्या काहींनी नंतर विकतही घेतली.

पुढच्या सभेत शेठजींनी भाईंची पाठ थोपटली आणि ताईंकडे वळले. "तुमालेबी अधिकार देला होता ना, ताई? मंग कावून बसून राहिल्या?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहावरची साय बोटानं काढत राहिलो.

"सुचलं नाही, शेठजी," त्या म्हणाल्या.

जाताना मी भाईंना गाठलं. "मले फोन कावून नाही केला?"

ते हसले. "केला असता साहेब, तं माही यंत्रंबी शेडमधीच राहिली असती ना!"

शेठजींनी ताईंकडून शाखा काढून घेतली. आता त्या अकोल्याच्या गोदामात सुटे भाग सांभाळतात; इथे खोली करून राहतात, शनिवारच्या एस.टी.नं घरी जातात. परवा त्यांचा मिस्ड कॉल आला. उलटा फोन लावला, तर बोल्टांची पोती कोणत्या भिंतीला लावू, विचारत होत्या.

"तुमीच ठरवा ना, ताई."

"नाही साहेब. तुमीच सांगा."

मी सांगितलं. डावीकडच्या.

ताईंना सुचलं होतं, अडवलं मी. हे शेठजींसमोर, सगळ्या शाखांच्या देखत सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.