फरक हाय ना?

महाडहून वरंधला जाताना मी आमच्या गावच्या एका पोराच्याच सहा आसनी रिक्षात बसते. त्याचं घर तिच्यावर चालतं, आणि ती मात्र मध्येच ठोका चुकवत, मिसिंग मारत, चढाला खोकत चालते. इंजिन उघडावं लागेल, हे मेकॅनिकने कधीच सांगितलंय. उघडलं तर परत जुळणार नाही, ही पोराची भीती. म्हणून तो इंजिन साफ करायच्या औषधाची बाटली डिझेलात ओततो, शेवटचा थेंबही झटकून पाडतो, गाडी चालू करतो आणि वळून विचारतो, "फरक हाय ना, आजी?"

"हाय रे," मी म्हणते. हसायचं कुठल्या तोंडाने? तरुणपणी मीही केसांसाठी तेलाच्या बाटल्या डोक्यावर रिचवल्या, आणि उंदराच्या शेपटीएवढी वेणी नवऱ्यापुढे धरून हेच विचारत राहिले. तो बिचारा 'आहे' म्हणायचा.

परवा त्याने बाटली ओतली, गाडी चालू केली. पत्र्यासकट आम्ही सगळे थरथरलो. तो हँडल धरून ऐकत राहिला. काही विचारलंच नाही.

शेवटी मीच म्हटलं, "फरक हाय रे."

त्याने इंजिन बंद केलं.

"उतर गो आजी," तो म्हणाला. "दुसरी गाडी बघ."